लॅब्रॅडॉरचं एसजीपीटी वाढलंय? कुत्र्यांमधला लिव्हरचा आनुवंशिक आजार असा ओळखतात

लॅब्रॅडॉर जेवत नाही, ही लॅब पाळलेल्या घरातली ब्रेकिंग न्यूज असते. जो कुत्रा पोळीचा तुकडा हवेतच झेलतो, कुकरची शिट्टी ऐकून किचनच्या दारात येऊन बसतो, तो एके दिवशी ताट हुंगून परत जातो. पहिल्या दिवशी सगळे म्हणतात, उन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणतात, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. मग आठवड्यात दोनदा उलटी होते, पाणी जरा जास्तच प्यायला जातं. शेवटी डॉक्टरकडे नेतात, रक्त तपासतात आणि रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ असं येतं. नाव असतं एएलटी. आपल्या ओळखीचं नाव सांगायचं तर एसजीपीटी.

यानंतर साधारण दोन गोष्टी होतात. एक तर रिपोर्टचा फोटो डॉग लव्हर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि दहा मिनिटांत दहा लिव्हर टॉनिकांची नावं येतात. नाहीतर कुत्रा दोन दिवसांत पुन्हा जेवायला लागतो आणि सगळे तो रिपोर्ट विसरून जातात.

दोन्हीकडे एक प्रश्न तसाच राहतो. लिव्हर दुखावलंय हे कळलं, पण कशामुळे?

काही जातींच्या कुत्र्यांमध्ये या प्रश्नाचं उत्तर जन्मापासून त्यांच्या जनुकांत लिहिलेलं असू शकतं. आणि ते वेळेत वाचता आलं तर कुत्र्याची बरीच वर्षं वाचतात. म्हणून हे निदान नेमकं करतात कसं, कोणती टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही, ते नीट समजून घेऊ.

लिव्हर आणि तांब्याचा काय संबंध?

तांबं हे विष नाही. ते माणसालाही लागतं आणि कुत्र्यालाही. रक्त तयार होण्यापासून मज्जातंतूंच्या कामापर्यंत त्याची गरज असते. फक्त ते थोडंसंच लागतं. जास्तीचं तांबं शरीराबाहेर टाकायचं काम लिव्हरचं. लिव्हर ते पित्तात सोडतं, पित्त आतड्यात जातं आणि तिथून ते शी वाटे बाहेर पडतं.

आता समजा बाहेर टाकणारा हा पंपच जन्मापासून बिघडलेला असेल, तर रोजच्या जेवणातलं थोडं थोडं तांबं लिव्हरच्या पेशींत साठत जातं. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. एका मर्यादेनंतर त्या पेशी मरायला लागतात, लिव्हरला सूज येते, मेलेल्या पेशींच्या जागी चट्टे तयार होतात आणि शेवटी लिव्हर आक्रसून सिरोसिस होतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे लिव्हर तक्रार करत नाही. त्याची राखीव ताकद इतकी मोठी असते की बराच भाग निकामी होईपर्यंत कुत्रा खेळतो, पळतो, शेपटी हलवतो. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसणं, पोटात पाणी होणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं ही लक्षणं दिसायला लागली की आजार बहुतेक वेळा बराच पुढे गेलेला असतो. म्हणजे उपचाराची खरी संधी असते ती कुत्रा ठणठणीत दिसत असताना.

खाणकामगारांचा कुत्रा आणि पन्नास वर्षांचा शोध

हा आजार समजला तो एका छोट्या जातीमुळे. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमध्ये बेडलिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणकामगारांनी पाळलेला हा कुत्रा म्हणजे बेडलिंग्टन टेरियर. दिसायला अगदी मेंढीच्या कोकरासारखा.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी नोंद केली की या जातीची कुत्री लिव्हरच्या आजारानं मरतायत आणि त्यांच्या लिव्हरमध्ये तांब्याचं प्रमाण भलतंच जास्त आहे. पुढच्या काही वर्षांत हे आनुवंशिक असल्याचंही सिद्ध झालं. तेही अप्रकट पद्धतीचं. म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती आल्या, तरच पिल्लू आजारी पडतं. एकच प्रत आली तर ते वाहक होतं. स्वतः ठणठणीत, पण पुढच्या पिढीला दोष देऊ शकणारं. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लामागे आजाराची शक्यता चारात एक.

आता गंमत बघा. दोन निरोगी, देखण्या, शोमध्ये बक्षीस मिळवणाऱ्या कुत्र्यांची जोडी लावायची आणि चार-पाच वर्षांनी त्यांच्या पिल्लांचं लिव्हर निकामी व्हायचं. दिसण्यावरून वाहक ओळखणं शक्यच नव्हतं. लहान जात, मोजकी कुत्री, त्यातल्या त्यात आवडत्या नरांचा पुन्हा पुन्हा वापर. यामुळे दोष इतका पसरला की काही देशांतल्या अभ्यासांत निम्म्याहून जास्त बेडलिंग्टनमध्ये त्याची एक तरी प्रत असल्याचं दिसलं.

तेव्हा उपाय एकच होता. पिल्लू साधारण वर्षाचं झालं की त्याच्या लिव्हरचा तुकडा काढायचा आणि तांबं मोजायचं. त्यातून आजारी पिल्लू कळायचं, पण वाहक कोण ते कळायचं नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या संशोधकांनी एक डीएनए मार्कर शोधला. मार्कर म्हणजे खुद्द दोषी जनुक नव्हे, तर त्याच्या जवळची ओळखीची खूण. एखाद्याचं घर माहीत नाही, पण त्याच्या शेजारची पानटपरी माहीत आहे, तसं. बहुतेक वेळा टपरी सापडली की घर सापडतं. पण कधी कधी टपरी हलते. डीएनएमध्येही पिढ्या बदलताना असं होतं, खूण एकीकडे आणि दोष दुसरीकडे जातो. त्यामुळे मार्कर टेस्टमध्ये ‘स्वच्छ’ निघालेली काही कुत्री आजारी पडली, आणि ‘दोषी’ ठरलेली काही निरोगी राहिली.

खरं घर सापडलं २००२ मध्ये. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या बार्ट व्हान दे स्लाउस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बेडलिंग्टनमध्ये एका जनुकाचा एक अख्खा तुकडाच गायब आहे. या जनुकाला आज कॉमडी-१ म्हणतात. आता थेट दोषाचीच टेस्ट करता येऊ लागली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा थोडं रक्त घ्यायचं, आणि कुत्रा निरोगी, वाहक की बाधित ते कळायचं. जोड्या विचार करून लावल्या जाऊ लागल्या आणि बेडलिंग्टनमधला हा आजार खूप कमी झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संपली नाही. कॉमडी-१ मध्ये काहीही गायब नसलेल्या काही बेडलिंग्टन कुत्र्यांच्या लिव्हरमध्येही तांबं साठलेलं सापडलं. म्हणजे एका जातीत, एका आजारालाही एकापेक्षा जास्त वाटा असू शकतात. जनुकाची टेस्ट ‘नॉर्मल’ आली म्हणजे लिव्हर नॉर्मल, असं गृहीत धरता येत नाही.

मग आपल्या लॅब्रॅडॉरचं काय?

बेडलिंग्टन आपल्याकडे क्वचितच दिसतो. लॅब्रॅडॉर मात्र पुण्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक सोसायटीत सापडतो. आणि लॅबमध्येही लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आजार आहे.

माणसांमध्ये विल्सन डिसीज नावाचा आजार असतो. १९१२ मध्ये डॉ. किनियर विल्सन यांनी त्याचं वर्णन केलं. त्यातही तांबं शरीराबाहेर पडत नाही आणि लिव्हर, मेंदू यांत साठतं. १९९३ मध्ये त्याचं जनुक सापडलं, एटीपी-७-बी. हाच तो लिव्हरमधून तांबं बाहेर टाकणारा पंप. बेडलिंग्टनमध्ये आधी संशय याच जनुकावर होता, पण ते निर्दोष निघालं. पुढे लॅब्रॅडॉरचा अभ्यास करताना तेच जनुक पुन्हा समोर आलं.

२०१६ मध्ये उट्रेख्टच्याच संशोधकांनी दाखवलं की लॅबमध्ये एटीपी-७-बी मधला एक बदल लिव्हरमधलं तांबं वाढवतो. आणि त्याच वेळी एटीपी-७-ए नावाच्या दुसऱ्या जनुकातला एक बदल ते कमी करतो. एक ढकलतो, दुसरा ओढतो. पण या दोघांची बेरीज करूनही लॅबमधल्या आजाराचा छोटासाच भाग समजतो. बाकीची जनुकं अजून हाती लागलेली नाहीत. शिवाय जेवणात तांबं किती आहे, यावरही बरंच ठरतं.

त्यामुळे बेडलिंग्टनमध्ये जनुकाची टेस्ट जवळजवळ निकाल देते, तर लॅबमध्ये ती फक्त धोका सांगते. धोक्याचं जनुक असलेली लॅब आयुष्यभर ठीक राहू शकते, आणि धोक्याचं जनुक नसलेली आजारी पडू शकते. ‘आमच्या लॅबची डीएनए टेस्ट केली, सगळं क्लिअर आहे’ असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

निदानाची पायरी पहिली: रक्त

एएलटी हे लिव्हरच्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. म्हणून ते वाढलं याचा अर्थ लिव्हरच्या पेशी दुखावल्या जातायत. कुणी दुखावल्या, ते एएलटी सांगत नाही.

आपल्याकडे त्याची कारणं ढीगभर असतात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस. गोचिडांमुळे होणारे आजार. फिट्ससाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटल. स्टेरॉइड. घरातल्या माणसांच्या गोळ्या कुत्र्यानं चघळणं. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल. डॉक्टर आधी ही सगळी कारणं तपासतात आणि काही आठवड्यांनी एएलटी पुन्हा करतात. आकडा खाली आला तर विषय बहुतेक संपतो. पण कुत्रा छान दिसतोय, कारण सापडत नाही आणि एएलटी मात्र खाली यायचं नाव घेत नाही, अशी स्थिती असेल, त्यातून जात लॅबसारखी असेल, तर घंटा वाजली असं समजायचं.

उलटंही खरं आहे. तांबं साठायला लागलंय, पण पेशी अजून फुटत नाहीयेत, अशा काळात एएलटी नॉर्मल असू शकतं.

आणखी एक गोष्ट. रक्तातलं तांबं मोजून काही उपयोग होत नाही. कुत्र्यांमध्ये रक्तातल्या तांब्याचा आकडा लिव्हरमध्ये किती साठलंय ते सांगत नाही. विल्सन डिसीज असलेल्या माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसू शकतं. कुत्र्यात असं कडं शोधून निदान करता येत नाही.

लघवीतून मात्र कधी कधी एक धागा मिळतो. तांब्याचा आजार असलेल्या काही लॅबमध्ये किडनीच्या नलिकांनाही इजा होते आणि रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर जाते. मधुमेह नाही, तरी लघवीत साखर आणि सोबत वाढलेलं एएलटी, ही जोडी दिसली की जाणकार डॉक्टर तांब्याचा विचार करतात.

पायरी दुसरी: सोनोग्राफी

सोनोग्राफीत लिव्हरचा आकार, गाठी, पित्ताशय, पोटातलं पाणी हे सगळं दिसतं. तांबं दिसत नाही. सुरुवातीच्या काळात तर लिव्हर पूर्ण नॉर्मल दिसू शकतं. म्हणून ‘सोनोग्राफी क्लिअर आली’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सोनोग्राफी करायची ती दुसरी कारणं बाजूला सारण्यासाठी.

पायरी तिसरी: लिव्हरलाच विचारणं

लिव्हरमध्ये तांबं किती आहे, हे फक्त लिव्हर सांगू शकतं. त्यासाठी बायोप्सी. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये कुत्र्यांच्या क्रॉनिक हेपेटायटिसवर जे एकमताचं निवेदन काढलं, त्यातही पक्क्या निदानासाठी बायोप्सीच लागते असं म्हटलंय.

इथे लोक एक गल्लत करतात. बारीक सुई टोचून काढलेल्या चार पेशी म्हणजे बायोप्सी नव्हे. कॅन्सरच्या शंकेत सुईचा उपयोग होतो, पण लिव्हरची रचना कुठे बिघडली, ते त्यात कळत नाही. तांब्याच्या आजारासाठी खरे तुकडेच लागतात, शक्यतो लिव्हरच्या एकापेक्षा जास्त भागांतून. ते दुर्बिणीतून, छोट्या ऑपरेशनमधून किंवा सोनोग्राफीत बघत जाड सुईनं काढता येतात. त्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात, कारण रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं लिव्हरच तयार करतं आणि आजारी लिव्हरमधून रक्तस्राव थांबेलच याची खात्री नसते.

काढलेल्या तुकड्यांची तीन कामं होतात. काही सूक्ष्मदर्शकाखाली जातात. एक जंतुसंसर्ग आहे का ते पाहायला जातो. आणि एकात तांबं मोजतात. हे तिसरं काम राहून जाऊ नये म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, ‘कॉपर क्वांटिफिकेशनला पाठवणार ना?’

सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीत ऱ्होडानिन नावाचा रंग वापरतात. त्यामुळे तांब्याचे कण लालसर विटकरी रंगाचे दिसतात. ते कण कुठे आहेत, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. आनुवंशिक आजारात तांबं आधी लिव्हरच्या छोट्या छोट्या कप्प्यांच्या मधोमध साठतं. पित्ताचा मार्ग तुंबल्यामुळे साठलेलं तांबं कप्प्यांच्या कडेला दिसतं. म्हणजे तांब्यामुळे लिव्हर बिघडलं की लिव्हर बिघडल्यामुळे तांबं साठलं, या कोंबडी आधी की अंडं आधी छापाच्या प्रश्नाचं उत्तर त्या कणांच्या जागेत असतं.

आणि मग आकडा. लिव्हरच्या सुकवलेल्या तुकड्यात एका ग्रॅममागे ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं साधारण नॉर्मल धरतात. १,००० च्या वर गेलं आणि सोबत सूज असेल, तर तांब्यावर गंभीर संशय घेतात. बाधित बेडलिंग्टनमध्ये हा आकडा १०,००० च्याही पुढे गेलेला आहे.

थोडक्यात सांगायचं तर रक्त सांगतं लिव्हर दुखावलंय. जनुक सांगतं धोका किती. आणि बायोप्सी सांगते कारण काय. यातली कुठलीही एक टेस्ट दुसरीचं काम करत नाही.

प्रत्येक आनुवंशिक आजार तांब्याचा नसतो

शिह त्झू, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या कुत्र्यांच्या मालकांनी वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. यांच्यात जन्मजात शंट आढळतो. शंट म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे जाणारं रक्त एका जादा रक्तवाहिनीनं बायपास घेऊन थेट शरीरात जातं. लिव्हरची गाळणीच टाळली जाते.

असं पिल्लू भावंडांपेक्षा बारीक राहतं. जेवणानंतर गुंगल्यासारखं होतं, गोल गोल फिरतं, कधी फिट येते. इथे बायोप्सी ही पहिली टेस्ट नसते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर असं दोनदा रक्तातलं बाइल अ‍ॅसिड मोजतात, अमोनिया बघतात आणि मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये ती चुकार रक्तवाहिनी शोधतात. बऱ्याच पिल्लांमध्ये ती ऑपरेशननं बंद करता येते.

डोबरमनमध्ये आणखी तिसरा प्रकार. तिथे क्रॉनिक हेपेटायटिस बहुतेक माद्यांमध्ये दिसतो, आणि त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्याचा संशय आहे. म्हणून डॉक्टर आधी जात आणि वय विचारतात.

पितळेचं पातेलं आणि पुण्यातली बाळं

तांबं आणि लिव्हर यांचा महाराष्ट्राशी जुना आणि वेदनादायक संबंध आहे. एके काळी आपल्याकडे ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ नावाचा आजार होता. वर्ष-दोन वर्षांच्या बाळांचं पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक बाळं दगावायची. त्यांच्या लिव्हरमध्ये तांबं ठासून भरलेलं सापडायचं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या बाळांच्या घरची भांडी पाहिली. १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं जनावराचं दूध बाळाला फार लवकर सुरू होत होतं, आणि त्या दुधातून तांबं पोटात जात होतं. पुढे घराघरात स्टील आलं, बाळांच्या दुधाबद्दल सांगितलं गेलं, आणि हा आजार दुर्मिळ झाला.

बाळ आणि कुत्रा यांचा आजार एकच आहे असं नाही. पण एक धडा एकच आहे. लिव्हरमधल्या तांब्याचा हिशेब करायचा तर शरीर काय करतंय हे जसं बघायचं, तसं ताटात काय पडतंय हेही बघायचं.

कुत्र्यांच्या बाबतीत हा वाद आजही चालू आहे. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या आफ्को या संस्थेनं १९९०च्या दशकात कॉपर ऑक्साइड नीट शोषलं जात नाही म्हणून ते टाळायला सांगितलं. कंपन्या सहज शोषल्या जाणाऱ्या तांब्याकडे वळल्या. त्यानंतर कुत्र्यांच्या लिव्हरमधलं तांबं वाढत गेलं, असं काही लिव्हर तज्ज्ञांचं म्हणणं आहे. २०२१ मध्ये त्यांनी डॉग फूडमधल्या तांब्याच्या प्रमाणाचा फेरविचार करा, अशी जाहीर मागणी केली.

निदान झालं, आता पुढे?

चांगली बातमी अशी की वेळेत सापडलेल्या तांब्याच्या आजारावर औषध आहे. डी-पेनिसिलामिन. १९५६ मध्ये डॉ. जॉन वॉल्श यांनी ते विल्सन डिसीजच्या माणसांसाठी पुढे आणलं. पुण्याच्या त्या बाळांवरही ते वापरून पाहिलं गेलं. आज तेच कुत्र्यांना देतात. ते तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. महिनोन्‌महिने द्यावं लागतं, काही कुत्र्यांना त्यानं उलट्या होतात, आणि एएलटी बघत, गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करून ते कधी थांबवायचं ते ठरवतात. तांबं खाली आल्यावर काहींना झिंक देतात, त्यामुळे आतड्यातून तांबं कमी शोषलं जातं.

यातलं काहीच स्वतःच्या मनानं सुरू करू नका. निदान नसताना तांबं काढणारं औषध दिलं तर शरीराला लागणारं तांबंही कमी होतं.

ताटातले बदल मात्र घरातच होतात. निदान झालेल्या कुत्र्याला मटणाची कलेजी बंद. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या लिव्हरमध्ये तांबं जास्त असतं, त्या मानानं कोंबडीच्या कलेजीत बरंच कमी. आजी रोज तांब्याच्या कळशीतलं पाणी पित असेल तर पिऊ दे, पण त्यातलं पाणी कुत्र्याच्या वाटीत नको. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर कॉपर लिहिलंय का ते वाचा. आणि कुठलं कमी तांब्याचं खाद्य द्यायचं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

बायोप्सी परवडत नसेल तर?

हा प्रश्न खरा आहे. बायोप्सी सगळीकडे होत नाही, भूल द्यावी लागते, खर्च येतो. कुत्रा म्हातारा असेल किंवा त्याचं रक्त गोठत नसेल तर धोकाही असतो. अशा वेळी डॉक्टर जात, वय, एएलटीचा कल आणि बाकीच्या तपासण्या बघून अंदाजानं उपचार सुरू करू शकतात. जेवण बदलायचं आणि ठरलेल्या तारखांना एएलटी करायचं. ती तडजोड आहे, पण प्रामाणिक तडजोड आहे. फक्त ‘अंदाज’ आणि ‘निदान’ यांत फरक आहे, हे डॉक्टर आणि तुम्ही दोघांनाही माहीत असायला हवं.

अप्रामाणिक तडजोड म्हणजे ग्रुपवर सुचवलेलं टॉनिक सुरू करून रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवणं.

पिल्लू घेण्याआधी

पिल्लू विकणारा केसीआयचे कागद दाखवतो, बापाच्या ट्रॉफीचे फोटो दाखवतो. त्याला इतकंच विचारा, आई-बापाचं एएलटी कधी तपासलंय? या वंशात कुणी लिव्हरच्या आजारानं गेलंय का? जनुकाची टेस्ट केली असेल तर रिपोर्ट दाखवाल का? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर मिळणार नाही. पण गिऱ्हाईक विचारतंय, एवढं कळलं तरी काही ब्रीडर तपासायला लागतात.

आणि वाहक कुत्रा म्हणजे टाकाऊ कुत्रा नव्हे. त्याची जोडी निरोगी कुत्र्याशी लावली तर अप्रकट आजाराचं पिल्लू होत नाही. सगळे वाहक एकदम बाद केले तर छोट्या जातीत कुत्रीच उरणार नाहीत आणि दुसरेच दोष डोकं वर काढतील.

घरात आधीच चार-पाच वर्षांची लॅब असेल तर वर्षातून एकदा, लसीकरणाला नेताना, रक्त तपासून घ्या. रिपोर्ट जपून ठेवा. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की जास्त कळतं. आणि पुढच्या वेळी ‘हाय’ दिसलं, तर कुत्रा पुन्हा पोळीचा तुकडा हवेत झेलायला लागला तरी ती तपासणी पुन्हा करायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.